बॅनर उतरवणारा माणूस

माझं पहिलं पत्रक भिंतीवर चार मिनिटं टिकलं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या वसाहतीत दोन आठवडे पाणी जेमतेम तासभर येत होतं, आणि मी रागाच्या भरात एकपानी पत्रक लिहिलं होतं. मागण्या सहा. सहाच का, तर तिथे पान संपलं. दिंडोशीला बस डेपोच्या बाजूच्या भिंतीवर मी खळ लावून ओळीने चार पत्रकं चिकटवली आणि दोन पावलं मागे सरून बघत होते, तेवढ्यात पाठीमागे एक ट्रक थांबला. त्यातून खाकी शर्टातला, काटकुळा, पन्नाशी कधीच उलटलेला एक माणूस उतरला. हातात बादली आणि फडकं. त्याने पहिलं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग फडक्याने चारही कडा ओल्या केल्या आणि जराही न फाडता ते भिंतीपासून सोडवलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. नीट घडी घालून ती माझ्याच हातात दिली.

"मजकूर बरोबर आहे," तो म्हणाला. "जागा बेकायदेशीर."

मी उसळलेच. "आणि पुढाऱ्यांचे बॅनर? ते दिसत नाहीत वाटतं? चौकाचौकात वाढदिवसाचे वीस-वीस फुटी लावलेत, तिथे हात चालत नाही, आणि पाण्यासाठी लावलेला एक कागद..."

"चढ," त्याने ट्रककडे बोट केलं.

"काय?"

"वर चढ. बघ आत."

मी चढले. ट्रकच्या हौद्यात सगळ्या पक्षांचे नेते एकमेकांवर पालथे पडले होते. एकाचे जोडलेले हात दुसऱ्याच्या कपाळावर. मध्येच साड्यांच्या सेलची हसरी बाई, दहा दिवसांत वजन घटवणारा एक डॉक्टर, आणि अर्धा दुमडला गेल्यामुळे नुसतं 'भावी' एवढंच उरलेला कोणीतरी नगरसेवक.

"हं, आता बोल," खालून आवाज आला.

मी वाद न घालता खाली उतरले. माझ्या बाबतीत हे फारसं घडत नाही.

ते भालेरावकाका. जनार्दन भालेराव, मूळचे जालन्याकडचे, महापालिकेच्या बॅनर काढणाऱ्या गाडीवर तीस वर्षं, आणि राहायला आमच्याच वसाहतीत. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. वसाहतीत कुठेही दिसले की लांबूनच विचारायचे, "काय पत्रक, आज कुणाविरुद्ध?"

लोकांना वाटायचं, या माणसाला जाहिरातींचा राग आहे. साफ चूक. रीतसर परवानगीचा फलक दिसला, कोपऱ्यात परवाना क्रमांक, मुदत, सगळं जागच्या जागी, की काका थांबून कौतुकाने बघायचे. "बघ, कसा शिस्तीत उभाय." राग होता तो न विचारता घुसणाऱ्याचा. आणि त्यात आपला-परका नव्हता. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी वसाहतीतल्या पोरांनी नाक्यावर भला मोठा बॅनर लावला होता: मध्ये काकांचा फोटो, 'आमचे मार्गदर्शक', खाली शुभेच्छुकांचे तीसेक चेहरे. काकांची गाडी शेवटच्या फेरीला निघाली, नाक्यावर आली, थांबली. काका उतरले. स्वतःच्या फोटोकडे बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"परवानगी कुठाय?"

"काका, तुमचाच आहे ना यार!" पोरं ओरडली.

"म्हणून तर विचारतो."

शिडी लावली, चारही दोऱ्या सोडल्या, स्वतःला खाली उतरवलं आणि नोंदवहीत लिहिलं: 'अनधिकृत, एक नग, आकार आठ बाय सहा.' सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, गॅलरीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "फोटो तरी कापून आणायचा होता, लई दिवसांनी बरा आला होता."

निवृत्तीनंतर काका आमच्या अभ्यासिकेत बसायला लागले. विहाराला लागून एक लांबट खोली आहे, तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यास करतात. चार जुने कॉम्प्युटर, कुणाकुणाच्या ऑफिसांतून उतरलेले. एकाचं सुरू करायचं बटण आत गेलेलं, ते पेनाच्या टोपणाने दाबायचं. काकांचं काम एवढंच की सकाळी कुलूप उघडायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता. पण पोरांच्या पाठीमागून ते पडद्याकडे बघत राहायचे, आणि एक दिवस मला म्हणाले, "पत्रक, हितं ये. हे काय चाललंय?"

प्रणाली नावाची मुलगी जुन्या प्रश्नपत्रिका शोधत होती. हुशार, कमी बोलणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी. पानावर प्रश्नपत्रिकेचा दुवा एक, बारीक अक्षरात. त्याच्याभोवती झटपट कर्ज, पत्त्यांचा जुगार, केस गळती आणि 'इथे दाबा' म्हणणारी तीन हिरवी बटणं. तिन्ही खोटी. दाबलं की भलतीकडेच.

"हे कुणी लावलं?" काकांनी विचारलं.

"जाहिराती आहेत काका. सगळीकडे असतात."

"ते दिसतंय. परवानगी कुणी दिली?"

मग मी त्यांना जे सांगितलं ते माझ्या एका पत्रकातूनच. की हे नुसते बॅनर नाहीत. तुम्ही एका पानावर काय बघितलं ते हे टिपून ठेवतात, दुसऱ्या पानावर तुमच्या मागोमाग येतात. प्रणालीने एकदा बुटांची किंमत बघितली की आठ दिवस तिला बूट दिसणार. कुणी आजार शोधला की औषधं, कुणी नोकरी शोधली की कर्ज.

काका खुर्चीत बसले.

"मी तीस वर्षं बॅनर काढले," म्हणाले. "लई वाईट बॅनर बघितले. पण बॅनर खांबावर उभा असतो. खालून कोण गेलं, ते त्याला ठाऊक नसतं. हे तर घरापर्यंत येतंय की."

माझी दीड पानं त्यांनी पाच वाक्यांत बसवली. मी ती वाक्यं पुढे बिनदिक्कत वापरली.

त्याच दुपारी मी त्यांना ब्लॉकर दाखवला. ब्राउझरला जोडायचं एक छोटंसं सॉफ्टवेअर. ते जाहिराती आणि मागे लागणारे हेर पानावर येण्याआधीच दारात अडवतं. काकांनी आधी माझी उलटतपासणी घेतली.

"फुकट?"

"फुकट."

"मग ह्यांचं पोट कशावर चालतं?"

"काही लोक आपण होऊन करतात काका. आत काय लिहिलंय ते सगळं उघडं ठेवलेलं असतं, कुणीही वाचावं."

"तू वाचलंस?"

"...नाही."

"मग वाचलेल्याला विचार. तवर हात लावू नको."

मला खरोखरच कॉलेजातल्या एका सरांना विचारून यावं लागलं. सरांनी हेही सांगितलं की सगळे ब्लॉकर सारखे नसतात, काही ब्लॉकर कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांच्या जाहिराती सोडून देतात. हे ऐकून काका मनापासून हसले. "असला माणूस आमच्या गाडीवर एक दिवस टिकला नसता!" मग जो पैसे घेत नाही तो आम्ही चारही मशीनवर बसवला. प्रणालीने तेच पान पुन्हा उघडलं. प्रश्नपत्रिकेचा दुवा पानाच्या मधोमध एकटा उभा होता.

काका उठून पडद्यापाशी गेले आणि बोटाने काच पुसून बघितली.

त्या दिवसापासून ब्लॉकरचं नाव 'गाडी' पडलं. "गाडी लागलीय का? आधी गाडी लाव, मग उघड." वसाहतीत लोक आपापले लॅपटॉप घेऊन यायला लागले, काका प्रत्येकाला गाडी लावून द्यायचे. खिशात मोजपट्टी असायचीच, ती पडद्याला लावून आधी पंचनामा: "पडदा पंधरा इंच. त्यातली साडेनऊ इंच जाहिरात. तुमच्या वाट्याला काय राहिलं साहेब?" मोजणं झालं की मगच उतरवणं. एका पोराने जुन्या प्रश्नपत्रिकांची साधी वेबसाइट चालवली होती, वर बाजूला त्याच्या चुलत्याच्या स्टेशनरी दुकानाची एक जाहिरात, हलत नव्हती की मागे येत नव्हती. तिथे काकांनी स्वतः गाडी बंद ठेवली. "तो त्याच्या जागेत उभाय. त्याला का हात लावायचा?"

पण अंगात तीस वर्षांची सवय. ब्लॉकरमध्ये एक सोय असते: पानावरचा कुठलाही तुकडा बोटाने दाखवायचा, की तो त्या पानावरून कायमचा गायब. ही सोय सापडल्यावर काकांचं जे झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. दुपारी अभ्यासिका रिकामी असली की ते एकेक मशीनवर बसून जे लुकलुकेल ते उतरवायचे. पिवळं, लाल, उड्या मारणारं, काही म्हणजे काही सोडलं नाही.

आणि यातच एक दिवस वाट लागली. प्रणालीचा भरतीचा अर्ज. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी साडेपाचला. तिने सकाळपासून बसून सगळं भरलं, फोटो चढवला, सही चढवली, आणि पुढे काही होईना. अर्ज पाठवायचं बटणच नव्हतं. दुसऱ्या मशीनवर बघितलं, तिथेही नाही. पाच वाजले. ती रडकुंडीला आलेली. मी नेहमीप्रमाणे व्यवस्थेला शिव्या देत होते. दोन वाक्यं तर पत्रकासाठी मनात तयारही झाली होती.

काका मागे उभे होते. अचानक म्हणाले, "पिवळं होतं का ते? लुकलुकणारं?"

आम्ही दोघींनी वळून बघितलं.

"'नवीन' असं लिहून उड्या मारत होतं बाजूला?"

"काका..." प्रणाली म्हणाली.

"परवा उतरवलं मी."

मी गाडी बंद केली. बटण अवतरलं. पिवळंजर्द, लुकलुकत, बाजूला 'नवीन' उड्या मारतंय. अर्ज गेला तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. काकांनी त्या बटणाला चक्क हात जोडले. मग फळ्यापाशी जाऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आज माझ्या चुकीमुळे प्रणालीचा अर्ज अडकला. काही दिसत नसेल तर आधी गाडी बंद करून बघा. मग मला शिव्या द्या. – भालेराव.' तो मजकूर त्यांनी महिनाभर पुसू दिला नाही.

याच सुमारास मालाडचा क्लास आला.

नाव लिहीत नाही. लिहायला हात शिवशिवतोय, तरी नाही. मोठा क्लास. त्यांचा एक तरुण प्रतिनिधी आमच्या अभ्यासिका समितीच्या अध्यक्षांकडे, मोरेसरांकडे आला. शर्ट खोचलेला, वाक्यागणिक 'सर'. दहा नवेकोरे कॉम्प्युटर भेट द्यायची इच्छा आहे म्हणाला. आधी ओळख म्हणून एक मोफत मार्गदर्शन शिबिर ठेवलं. मुलं खच्चून आली. शेवटी समोसे, आणि एक वही: नाव, मोबाइल, पालकांचा मोबाइल, दहावीचे गुण. त्या प्रतिनिधीचे हात समोशांत गुंतले होते म्हणून वही कुणी फिरवली? भालेरावकाकांनी. बाकाबाकावर जाऊन. "नीट लिहा रे, अक्षर कळू दे." एकसष्ट मुलांनी लिहिलं.

मी पुढच्या रांगेत बसून समोसा खात होते. हेही लिहायला हवं.

आठवड्याच्या आत फोन सुरू झाले. मुलांना नव्हे, आयांना. कुणाची आई कामावर, कुणाची दवाखान्याच्या रांगेत. 'तुमच्या मुलाचं भविष्य धोक्यात आहे, आजच प्रवेश घ्या.' प्रणालीची आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. एका दिवसात तिला सात फोन आले. आणि तेवढ्यात कॉम्प्युटरच्या अटींचा कागद आला. मशीन सुरू केलं की आधी क्लासचं पान दिसणार. प्रत्येक मुलाने मोबाइल नंबर टाकूनच आत जायचं. आणि तिसरी अट: जाहिराती अडवणारं कोणतंही सॉफ्टवेअर चालणार नाही.

काकांनी तो कागद दोनदा वाचला. वर डोकं केलं तेव्हा कॉम्प्युटरबद्दल बोललेच नाहीत.

"वही मीच फिरवली," म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत होतं काका?"

"तीस वर्षं काय केलं मग? कुणी काही लावायला आलं की पहिलं विचारायचं, परवानगी कुणाची. एका समोशात विसरलो."

मी मात्र पेटले होते. एका दुपारीत मी ऑनलाइन सह्यांची मोहीम उभी केली. फुकटात पान बनवून मिळतं तिथे बनवलं, वर ठसठशीत लिहिलं: 'आमची माहिती विक्रीला नाही!' खाली नाव, मोबाइल, वसाहत. सही करायला पहिले काका हवेत म्हणून अभ्यासिकेत घेऊन गेले. त्यांनी पान उघडलं, चष्मा सरळ केला, मजकूर वाचला. मग नजर वर कोपऱ्यात गेली. तिथे ब्लॉकर आकडा दाखवतो, किती जणांना अडवलं त्याचा.

"अकरा," काका म्हणाले.

"काय अकरा?"

"तुझ्या पानावर अकरा जण कान लावून बसलेत, पत्रक."

मी वाकून बघितलं. भेट देणाऱ्यांची मोजणी, शेअर करायची बटणं, वर लावलेला व्हिडिओ, जे जे फुकट मिळालं म्हणून मी जोडलं होतं त्या प्रत्येकाबरोबर एकेक हेर आला होता. 'आमची माहिती विक्रीला नाही' च्या बरोबर खाली.

काका हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. मग आवाज करून. मग त्यांना ठसकाच लागला आणि प्रणाली पाणी घेऊन धावली. "तुझ्या पानाला गाडी लावावी लागली गं!" मी ते पान त्याच खुर्चीत बसून पाडून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून कागद घेऊन दारोदार फिरले. नुसतं नाव आणि सही. मोबाइलचा रकाना नाही.

निर्णयाची सभा रविवारी सकाळी अभ्यासिकेतच होती. समितीचे पाच जण, मुलं, काही पालक आणि क्लासचा तो प्रतिनिधी. वातावरण काकांच्या बाजूचं नव्हतं. खोटं कशाला सांगू? मुलांना नवे कॉम्प्युटर हवे होते आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मोरेसर सज्जन माणूस, पण त्यांनीही सरळ विचारलं, "भालेराव, दहा नवीन मशीन आहेत. आपल्या एकाचं बटण आपण पेनाच्या टोपणाने दाबतो. काय सांगू मी पोरांना?"

काकांनी भाषण केलं नाही. शेजारशेजारचे दोन कॉम्प्युटर सुरू केले, एकावर गाडी चालू, एकावर बंद, दोन्हींवर प्रणालीला एकच निकालाचं पान उघडायला सांगितलं. मग मोजपट्टी काढली आणि फळ्यावर पंचनामा लिहिला. लोक पुढे वाकून बघायला लागले. प्रतिनिधी नम्रपणे हसला.

"काका, इंटरनेट असंच चालतं. जाहिरात नसेल तर फुकट कोण काय देणार? आणि तुमचं हे सॉफ्टवेअर कामाचंही अडवतं ना? मी ऐकलं, एका मुलीचा फॉर्म राहणार होता."

"माझा," प्रणाली म्हणाली.

प्रतिनिधीचा चेहरा उजळला.

"माझा फॉर्म काकांमुळे अडकला होता," ती उभी राहिली. "काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, चूक माझी. फळ्यावर लिहिलं. माझ्या आईला दिवसाला सात फोन येतात, ती कामावर असते. तिचा नंबर तुमच्याकडून आणखी कुणाकुणाला गेला, ते मी तीनदा विचारलं. ते अजून कुणी सांगत नाही."

ती बसली. प्रतिनिधीने 'मी वर कळवतो' असं काहीतरी म्हटलं. आणि मग काकांनी ते केलं ज्याची मला स्वप्नातही कल्पना नव्हती.

"साहेब, जाहिरात पाहिजे ना तुमची? लावू या. ती भिंत बघा, दारासमोरची. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. 'हे संगणक अमुक क्लासने दिले.' पाहिजे तेवढ्या मोठ्या अक्षरात. समिती लेखी परवानगी देईल, आणि शिडीवर चढून मी स्वतः लावतो."

"तुम्ही? बॅनर?" मोरेसरांच्या तोंडून निघालं. मागची पोरं हसायला लागली.

"मी. चारही बाजूंनी ताणून, एक सुरकुती राहणार नाही. फक्त पोरं काय बघतात ते तुम्ही बघायचं नाही, नंबर मागायचा नाही आणि गाडी चालू राहणार. बोला."

प्रतिनिधी फोन घेऊन बाहेर गेला. आम्ही त्याला काचेतून येरझाऱ्या घालताना बघत होतो. आत आला तेव्हा तो खरंच ओशाळला होता. बिचाऱ्याचा यात काय दोष!

"सर म्हणतात, नुसत्या भिंतीचा उपयोग नाही."

त्या वाक्याने जे केलं ते माझी शंभर पत्रकं करू शकली नसती. मोरेसरांनी अटींचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि प्रतिनिधीला परत दिला. "मग आम्हाला मशीनचा उपयोग नाही," ते म्हणाले.

जिंकलो म्हणून मी टेबलावर थाप मारली. काकांनी मारली नाही. दोन मुलं दार आपटून निघून गेली होती. पुढे महिनाभर ती काकांशी बोलली नाहीत आणि काकांनी त्यांना एका शब्दाने टोकलं नाही. त्या बटण गेलेल्या मशीनपुढे ते आपण होऊन बसायचे, मुलांसाठी चांगली तीन मोकळी राहावीत म्हणून. आणि मला म्हणाले, "सभा झाली. नंबर राहिले."

"कसले नंबर?"

"एकसष्ट. मी फिरवलेली वही."

मग दर मंगळवारी काका बसने मालाडला जायला लागले. स्वच्छ शर्ट, पिशवीत अर्ज दोन प्रतींत: 'खालील मुलांची नावे व क्रमांक आपल्या यादीतून काढावेत.' सोबत प्रत्येकाचं नाव. नंबर लिहिला नाही, तो परत एकदा कशाला द्या म्हणून. क्लासच्या स्वागतकक्षातली मुलगी त्यांना दर वेळी सांगायची, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या. काका पुढच्या आठवड्यात जायचे. सुमनकाकू म्हणायच्या, "नोकरीला होते तेव्हा मंगळवारी कंटाळा करायचे, आता बघा!"

मी त्यांना समजावलं. म्हटलं, "काका, त्यांनी पुसलं तरी दहा ठिकाणी प्रती गेल्या असतील. काही उपयोग नाही."

"असतील," काका म्हणाले. "मुंबईभरचे बॅनर मी कधी काढले? माझ्या हद्दीतले काढले."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असल्याच एका मंगळवारी. पुढच्याच महिन्यात काका-काकू लेकीकडे जालन्याला राहायला गेले, आणि मी तेव्हा नेमकी गावाला होते. त्या दिवशी मला मालाडच्या मार्केटमध्ये काम होतं. दुपारी बाराचा सुमार. क्लासच्या समोरून जाताना सहज काचेतून आत बघितलं आणि थांबले.

स्वागतकक्षातली ती मुलगी खुर्चीच्या बाजूला उभी होती. खुर्चीत काका. तिच्याच कॉम्प्युटरवर त्यांचा हात. पडद्याला मोजपट्टी लावून ते तिला काहीतरी दाखवत होते आणि ती तोंडावर हात धरून हसत होती. नंतर काकांनीच फोनवर सांगितलं: तिच्या मशीनवर जाहिरातींचा एवढा सुळसुळाट होता की यादीची फाइल उघडायच्या आधी तीनदा भलतंच उघडत होतं. काका म्हणाले, "बाळा, ऊठ जरा, गाडी लावून देतो." साहेब जेवायला गेले होते.

मी काचेवर टकटक करणार होते. केलं नाही. काका खुर्चीतून उठले, ती बसली. तिने काहीतरी उघडलं, पडद्यावर लांबलचक यादी आली. काकांनी पिशवीतून आपला कागद काढला, चष्मा सरळ केला आणि वाचायला लागले. मला ऐकू काही येत नव्हतं. नुसते ओठ दिसत होते: एक नाव, सावकाश, आडनावासकट. ती एक बटण दाबायची आणि मान हलवायची. मग दुसरं नाव. आत आलेला एक पालक फीचं विचारत काउंटरपाशी उभा राहिला. तिने त्याला हातानेच थांबायला सांगितलं. काका वाचत राहिले. पहिलं पान संपलं तेव्हा त्यांनी बोटाला थुंकी लावली, कागद उलटला, आणि पुढचं नाव घेतलं.